वर्गसमीकरण शिकवायचे तर ताळ्यापासून सुरुवात करा

दहावीच्या गणित भाग १ मध्ये दुसरेच प्रकरण वर्गसमीकरणांचे. मुले रीती पाठ करतात, उत्तरही काढतात. पण आलेली किंमत समीकरणात घालून बघ म्हटले, की ‘सर, मागे उत्तर दिलंय, जुळतंय’ एवढेच ऐकू येते. म्हणून नाशिकला वर्ग घेताना माझा क्रम उलटा असतो: ताळा आधी, रीत नंतर. घरी शिकवणाऱ्या पालकांनाही हाच क्रम सोपा जाईल.

पहिल्या दिवशी काही सोडवू नका

फळ्यावर क्ष² − ५क्ष + ६ = ० लिहा आणि क्ष च्या जागी ०, १, २, ३, ४ घालायला सांगा. डाव्या बाजूला ६, २, ०, ०, २ येते. शून्य दोनदा आले, म्हणजे मुळे दोन. मूळ म्हणजे समीकरण खरे करणारी किंमत, हे व्याख्या न सांगता कळले. आता (क्ष − २)(क्ष − ३) असे अवयव दाखवा. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांतली एक तरी शून्य असलीच पाहिजे, हे लगेच पटते.

पटले की नाही ते पाहायला (क्ष − ३)(क्ष − २) = २ द्या. बरीच मुले क्ष − ३ = २ लिहून ५ उत्तर काढतात. ताळा करायला लावा: २ × ३ = ६. उजवीकडे शून्य नसेल तर ही युक्ती चालत नाही. कंस सोडवून क्ष² − ५क्ष + ४ = ० केले की १ आणि ४ मिळतात.

द्राक्षबागेचे उदाहरण

दिंडोरी-निफाडकडच्या मुलांना हे चटकन दिसते. बागेत जितक्या ओळी आहेत, त्यापेक्षा प्रत्येक ओळीत २० वेली जास्त. एकूण वेली २४००. ओळी किती? क्ष² + २०क्ष − २४०० = ०. गुणाकार −२४०० आणि बेरीज २० असलेली जोडी ६० आणि −४०. म्हणून क्ष = ४० किंवा −६०.

इथे घाई करू नका. ‘−६० चूक’ असे मुले म्हणतील, पण तसे नाही. ताळा केला तर −६० हे समीकरण पूर्ण करते; फक्त उणे ओळींची बाग नसते. समीकरणाला चालणारे, पण प्रसंगाला न चालणारे, असे हे मूळ. पुढे दुसऱ्या तऱ्हेचे नकोसे मूळ भेटणार आहे, तेव्हा हा फरक वहीत लिहून ठेवायला सांगा.

पूर्ण वर्ग कात्रीने, सूत्र त्यातूनच

क्ष² + ६क्ष = १६ घ्या. घोटीव कागदाचा एक चौरस कापा, बाजू क्ष. ६ रुंदीची, क्ष लांबीची पट्टी उभी चिरून ३-३ च्या दोन करा. एक चौरसाच्या उजवीकडे, एक खाली ठेवा. कोपऱ्यात ३ × ३ ची जागा रिकामी राहते. ती भरायला ९ हवेत, म्हणून दोन्ही बाजूंना ९ मिळवा: (क्ष + ३)² = २५. मग क्ष + ३ = ५ किंवा −५, म्हणजे २ किंवा −८. कागदावर −८ दिसत नाही, त्यामुळे ते हमखास सुटते. मुद्दाम आठवण करा.

सूत्र म्हणजे हेच काम अक्षरे घेऊन: अक्ष² + बक्ष + क = ०. अपूर्णांकांनी मुले गांगरतात, म्हणून आधी ४अ ने गुणा. ही श्रीधराचार्यांची युक्ती, भास्कराचार्यांनी बीजगणितात उद्धृत केलेली. मग (२अक्ष + ब)² = ब² − ४अक असे येते आणि उजवीकडचा विवेचक, म्हणजे ब² − ४अक, आपोआप समोर उभा राहतो.

वर्गमुळात अडकलेला क्ष

नववीत करणी, म्हणजे √३ सारख्या संख्या, झालेल्या असतात. त्यामुळे √३क्ष² + ४क्ष + √३ = ० सारख्या उदाहरणात मधल्या पदाची फोड ३क्ष + क्ष अशी करायची, एवढे सांगितले की पुरते. क्ष स्वतः मुळाच्या चिन्हाखाली असला, की खरी गंमत.

आधी फळ्यावर ३ = −३ लिहा. खोटे. दोन्ही बाजूंचा वर्ग करा: ९ = ९. खरे! वर्ग केला की खोटेही खरे होऊन बसते. शिवाय √९ म्हणजे फक्त ३; क्ष² = ९ ची उत्तरे मात्र ३ आणि −३.

आता √(क्ष + ५) = क्ष − १. वर्ग केल्यावर क्ष² − ३क्ष − ४ = ०, मुळे ४ आणि −१. ताळा पहिल्या ओळीतच करायचा. ४ घातले तर ३ = ३. −१ घातले तर डावीकडे २, उजवीकडे −२. हे मूळ समीकरणालाच चालत नाही. वर्ग करताना ते बाहेरून घुसले. बागेतल्या −६० ची गोष्ट वेगळी होती. वर्गमुळाबरोबर दुसरे पद असेल, जसे √क्ष + २ = क्ष, तर वर्ग करण्याआधी वर्गमूळ एका बाजूला एकटे करा.

सरावाला लीलावतीतले भुंगे आणा. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीकडे गेले, थव्याचा ८/९ भागही गेला, उरली दोन: कमळात अडकलेला भुंगा आणि बाहेर गुणगुणणारी भुंगी. थवा २य² माना. मग य + १६य²/९ + २ = २य², म्हणजे २य² − ९य − १८ = ०, आणि य = ६ किंवा −३/२. पहिल्याने थवा ७२ चा: ६ + ६४ + २. दुसऱ्याने साडेचारचा! साडेचार भुंगे नसतात हे मुले सांगतीलच. पण ताळ्यातही १.५ + ४ + २ = ७.५ येते, हे त्यांच्याकडूनच काढून घ्या.

घरच्या अभ्यासाला √(२क्ष + १) = −३ द्या. न सोडवताच ‘उत्तर नाही’ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण, ४ काढून ताळ्यात ते खोडणाऱ्यालाही पूर्ण. नुसते ४ लिहिणाऱ्याची वही परत करा.