सायकलचा मागचा दिवा: निवडायचा कसा आणि बसवायचा कसा

मागचा दिवा घेताना बहुतेक जण खोक्यावरचा लुमेनचा आकडा बघून ठरवतात. पण दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, एवढंच तो आकडा सांगतो. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांपर्यंत त्यातला किती पोचणार, हे लेन्सवर आणि दिवा कुठल्या कोनात बसवलाय त्यावर अवलंबून असतं.

हिशोब करून बघू. दिवा ३० लुमेनचा आहे. त्याचा प्रकाश मागच्या अख्ख्या अर्धगोलात सारखा पसरला, तर कुठल्याही एका दिशेला जेमतेम ५ कॅन्डेला तीव्रता मिळते. तोच प्रकाश लेन्सने २० अंशांच्या शंकूत गोळा केला, तर तीव्रता ३०० कॅन्डेलाच्या वर जाते. बॅटरी तीच, एलईडी तोच, फरक साठपटीहून जास्त. मात्र त्या शंकूच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला हा दिवा जवळपास दिसतच नाही. म्हणून चांगल्या टेल लाइटमध्ये दोन्ही सोयी लागतात: मधोमध लांबवर जाणारा झोत आणि दोन्ही कडांनी पसरणारा मंद प्रकाश. दुकानात दिवा लावून हातात धरा आणि हळूहळू ९० अंशांत फिरवा. अगदी आडवा धरल्यावरही लाल कडा स्पष्ट दिसली पाहिजे. चौकात डावीकडून-उजवीकडून येणाऱ्याला तुमच्या दिव्याची तेवढीच बाजू दिसते. पट्टीसारखे सलग उजळणारे सीओबी दिवे बाजूने छान दिसतात, पण लेन्स नसल्यामुळे लांबून फिके पडतात. शहरात ते चालतात, अंधाऱ्या हायवेवर एकटे पुरत नाहीत.

किती लांबून दिसायला हवं?

गाडी ताशी ८० किलोमीटरने येतेय आणि तुम्ही २० ने चाललाय, तर वेगातला फरक ६० चा. म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कमी होतं. १०० मीटरवर तुम्ही दिसलात, तर ड्रायव्हरच्या हातात ६ सेकंद आहेत. तेवढ्यात त्याला दिवा दिसायचा, तो सायकलचा आहे हे कळायचं, आरशात बघायचं आणि समोरून वाहन येत असेल तर ब्रेक लावायचा. ओल्या रस्त्यावर हे सगळं घाईचं होतं. म्हणून हायवेवर १५० ते २०० मीटरवरून ठळक दिसणारा दिवाच घ्यावा. शहरातल्या वेगाला ६०-७० मीटर पुरतात.

रात्री स्थिर ठेवायचा असेल आणि लेन्स चांगली असेल, तर शहरात १५ ते ३० लुमेन आणि दिवे नसलेल्या रस्त्यावर २० ते ५० लुमेन भरपूर होतात. लख्ख उन्हात दिसायचं असेल तर मात्र ६० ते १०० किंवा त्याहून जास्त लुमेन आणि लुकलुकणारा मोड हवा. गार्मिनच्या व्हारिया आरटीएल ५१५ या, मागून येणारी गाडी ओळखणाऱ्या रडारवाल्या दिव्याचे अधिकृत आकडे बघा: रात्रीचा स्थिर मोड २० लुमेन, दिवसाचा फ्लॅश ६५ लुमेन. महागड्या दिव्यातही रात्रीसाठी २० च ठेवलेत, कारण तेवढे पुरतात. रात्री १०० लुमेनचा फ्लॅश चालू ठेवला की मागच्याचे डोळे दिपतात. त्याला लाल ठिपका दिसतो, पण सायकलची रुंदी आणि अंतर कळत नाही. ग्रुपमध्ये तुमच्यामागे चाक धरून येणाऱ्याचे तर हालच होतात. त्यामुळे दिवा निवडताना सर्वांत जोरदार मोडइतकंच सर्वांत मंद स्थिर मोडकडेही लक्ष द्या. १०-२० लुमेनचा स्थिर मोड नसलेला दिवा, बाकी कितीही भारी असला तरी, रात्रीच्या कामाचा नाही.

स्थिर की लुकलुकणारा?

लुकलुकणारा दिवा पटकन नजरेत भरतो. पण दिवा विझलेला असतो त्या क्षणांत डोळ्याला अंतर मोजायला काही धरच उरत नाही. त्यामुळे दिवसा फ्लॅश, रात्री स्थिर, हा साधा नियम बरा. काही दिव्यांत पल्स मोड असतो: प्रकाश कमी-जास्त होतो पण पूर्ण विझत नाही. एकच दिवा असेल तर रात्री स्थिरच्या खालोखाल हा मोड चांगला. पिसाटासारखे पाच तऱ्हेने चमकणारे मोड कामाचे नाहीत, उलट घाईत बटण दाबताना पाच वेळा जास्त दाबावं लागतं.

देशोदेशीचे नियमही वेगवेगळे आहेत. जर्मनीत सायकलचा मागचा दिवा लुकलुकलेला चालत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालतो, पण मिनिटाला ६० ते २४० वेळा एवढ्याच मर्यादेत. फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या राइडला जाणाऱ्यांना स्थिर दिवाच लागतो. इथल्या बीआरएमसाठीही (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडसाठी) स्थिर मोडचाच हिशोब धरून दिवा घ्या आणि आयोजकांची नियमावली आधी वाचून ठेवा.

दिवसा दिवा लावायची सवय फुकट जात नाही. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये ३,८४५ सायकलस्वारांवर प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांना चाकावरच्या चुंबकावर चालणारे, कायम चालू राहणारे पुढचे-मागचे दिवे दिले होते. सायकलस्वाराला इजा झालेल्या सगळ्या अपघातांचं मिळून प्रमाण त्यांच्यात १९ टक्क्यांनी कमी निघालं. आपल्याकडे सकाळच्या राइडला झाडांच्या सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत असं सतत चालू असतं. कात्रजच्या जुन्या बोगद्यात शिरताना किंवा आंबोलीच्या धुक्यात थांबून दिवा लावण्यापेक्षा तो घरातून निघतानाच लागलेला असावा.

बॅटरीचा हिशोब आणि खोटे आकडे

दिव्याच्या बॅटरीवर मिलीअँपिअर-तास लिहिलेले असतात. त्याला १००० ने भागून ३.७ ने गुणलं की वॉट-तास मिळतात. ४०० मिलीअँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे साधारण दीड वॉट-तास. लाल एलईडीतून, लेन्स आणि सर्किटमधली घट धरून, एका वॉटला ढोबळमानाने ५० ते ७० लुमेन बाहेर येतात. म्हणजे १०० लुमेन स्थिर ठेवायला दीड ते दोन वॉट लागतात आणि ही बॅटरी तासाभरातच संपते. खोक्यावर ‘१०० लुमेन, १० तास’ असं लिहिलं असेल तर हे दोन आकडे एकाच मोडचे नक्कीच नाहीत. १०० लुमेन एखाद्या क्षणिक फ्लॅशचे आणि १० तास सर्वांत मंद मोडचे. मोडनुसार लुमेन आणि तास यांचा तक्ता देणारी कंपनी निवडा. तक्ता नसेल तर तो दिवा सोडून द्या.

तुमची राइड किती तासांची, त्याच्या दीडपट वेळ रात्रीच्या मोडवर मिळायला हवा. ३०० किमी बीआरएमची मुदत २० तास आणि ४०० ची २७ तास असते. त्यातले दहा-बारा तास अंधाराचे सहज निघतात. एका छोट्या दिव्यावर ते निभत नाही. अशा वेळी दोन दिवे आळीपाळीने लावा किंवा चालू असताना पॉवर बँकेवर चार्ज होणारा दिवा घ्या. बरेच दिवे चार्जिंगची वायर लावली की बंद पडतात, तेव्हा हे विकत घेण्याआधी तपासा.

स्वस्त दिव्यांचं आणखी एक दुखणं. त्यांत विजेचा प्रवाह सारखा ठेवणारं सर्किट नसतं. बॅटरी ४.२ व्होल्टवरून उतरू लागली की दिवाही हळूहळू मंदावतो, आणि पुढे बघून सायकल चालवणाऱ्याला मागे काय चाललंय ते कळत नाही. घरी तपासायला सोपं आहे. दिवा पूर्ण चार्ज करून स्थिर मोडवर लावा, अंधाऱ्या खोलीत फोनच्या कॅमेऱ्याचं एक्स्पोजर लॉक करून भिंतीवरच्या उजेडाचा फोटो काढा. दोन तासांनी त्याच जागेवरून, त्याच एक्स्पोजरवर दुसरा काढा. दोन्ही शेजारी ठेवले की उतरलेला उजेड लगेच दिसतो. थोडा फरक चालेल, निम्मा उतरला असेल तर दिवा परत करा.

सी-टाइप पोर्ट असलेला दिवा घ्या, मायक्रो-यूएसबीची पिन लवकर ढिली होते. पण सी-टाइपमध्येही एक खोच आहे: काही दिव्यांत पोर्टच्या मागचे दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात, आणि मग दोन्ही टोकं सी असलेल्या वायरने ते चार्जच होत नाहीत. दिवा बिघडला असं वाटतं. जुन्या चौकोनी टोकाच्या वायरने तो चार्ज होतो.

बसवताना होणारी चूक

चांगला दिवा बऱ्याचदा इथे वाया जातो. सीट पोस्ट, म्हणजे सीट धरणारी नळी, सरळ उभी नसते, ती मागे कललेली असते. साधारण ७३ अंशांचा कोन धरला तर तिच्या मागच्या बाजूला चपटा बांधलेला दिवा १७ अंश खाली बघतो. ८० सेंटिमीटर उंचीवरून निघालेला त्याच्या झोताचा मध्य जेमतेम अडीच मीटरवर डांबरात घुसतो. मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या बारीक नळ्यांचा उतार उलटा असतो, तिथे बांधलेला दिवा आकाशाकडे बघतो. चांगल्या दिव्याच्या मागे म्हणूनच तिरपं रबर किंवा कोन बदलता येणारं ब्रॅकेट असतं. ते नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा दोन-तीन घड्या करून दिव्याच्या खालच्या टोकाशी, पोस्ट आणि दिवा यांच्यामध्ये सारा, म्हणजे दिव्याचं तोंड वर उचललं जाईल.

नेम असा तपासा. सायकल भिंतीकडे पाठ करून, दिवा भिंतीपासून ३ मीटरवर येईल अशी उभी करा. भिंतीवर दिव्याच्याच उंचीला खडूची खूण करा. उजेडाचा सर्वांत प्रखर भाग खुणेवर किंवा चार बोटं खाली पडला पाहिजे. वीतभर वर गेला तर सुमारे ४ अंशांची चूक, आणि १०० मीटरवर तोच झोत ७ मीटर उंच गेलेला असतो. बघताना तुमच्या वजनाने सायकल किती दबते हेही लक्षात घ्या, विशेषतः मागे सस्पेन्शन असेल तर कुणाला तरी सीटवर बसवून नेम लावा.

उंची ३५ ते ९० सेंटिमीटरच्या दरम्यान ठेवा. सॅडल बॅग, कॅरिअरवरचा डबा आणि पावसाळ्यात रेनकोटची मागची लोंबती कड, या तिन्ही गोष्टी दिवा झाकतात. सीटवर बसून, रेनकोट घालून, मागून फोटो काढून घ्या. सामान लादत असाल तर दिवा सीट पोस्टवर ठेवूच नका, कॅरिअरच्या मागच्या पत्र्यावर बोल्टने बसणारा दिवा घ्या. त्याच्या दोन बोल्टांमधलं अंतर बहुधा ५० किंवा ८० मिलिमीटर असतं, आधी कॅरिअरची भोकं मोजा. रबरी पट्टा घेताना सीट पोस्टचा व्यास बघा: २७.२ आणि ३१.६ मिलिमीटर या नेहमीच्या मापांना बहुतेक पट्टे बसतात, चपट्या एअरो पोस्टला वेगळं ब्रॅकेट लागतं.

पावसाळा

दिवा किती पाणी सोसतो हे आयपीएक्सचा आकडा सांगतो: आयपीएक्स ४ म्हणजे सगळीकडून उडणारे शिंतोडे सोसतो, ६ म्हणजे जोरदार फवारा, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. कोकणात किंवा घाटात चालवायला ६ हवाच, कारण वरच्या पावसापेक्षा मागच्या चाकाने खालून उडवलेलं पाणी जास्त जोरात लागतं. पाणी शिरतं ते बहुतेक वेळा चार्जिंग पोर्टच्या रबरी झाकणातून. झाकणाच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा आणि जमल्यास पोर्ट खालच्या बाजूला येईल असा दिवा लावा. पावसातून आल्याआल्या चार्जिंगला लावू नका. ओल्या पिनांमधून वीज गेली की त्या हिरव्या पडतात आणि पुढच्या आठवड्यात दिवा चार्ज होणं बंद होतं. झाकण उघडून रात्रभर पंख्याखाली ठेवा, सकाळी चार्ज करा. मडगार्ड नसेल तर अर्ध्या तासात लेन्सवर चिखलाचा थर येतो, म्हणून प्रत्येक थांब्यावर अंगठ्याने पुसायची सवय लावून घ्या.

पावसाळा संपल्यावर दिवा वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवून कपाटात ठेवा. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी काही महिन्यांत कायमची बाद होऊ शकते. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर दिवा कधीच सोडू नका.

खर्च करायची तयारी असेल तर एका महागड्या दिव्यापेक्षा दोन मध्यम दिवे घ्या. एक लेन्सचा, सीट पोस्टवर स्थिर. दुसरा छोटा, हेल्मेटच्या मागे किंवा कॅरिअरवर, दिवसा फ्लॅशसाठी आणि पहिला बंद पडला तर हाताशी. दोन्ही लालच हवेत. निळा, हिरवा किंवा रंग बदलणारा दिवा मागून येणाऱ्याला सायकल म्हणून ओळखूच येत नाही, आणि पांढरा दिसला तर तो तुम्ही समोरून येताय असं समजतो. जोडीला घोट्यांवर चमकत्या पट्ट्या बांधा. पेडल मारताना त्या वरखाली होतात, आणि गाडीच्या हेडलाइटमध्ये ती हालचाल दिसली की पुढे सायकल आहे हे ड्रायव्हरला झटकन कळतं. त्यांना बॅटरी लागत नाही, फक्त धुऊन स्वच्छ ठेवा आणि पँटच्या घडीखाली झाकल्या जात नाहीत ना तेवढं बघा.