मुलांच्या पिंपल्सचं काय करायचं: आधी ट्यूब वाचा, मग तीन महिने धीर धरा

माझी मुलगी नववीत होती तेव्हा तिचं कपाळ आणि गाल पुटकुळ्यांनी भरून गेले आणि मी काय केलं तर सरळ मेडिकलमध्ये जाऊन "पिंपल्ससाठी काहीतरी द्या" म्हटलं. त्याने एक ट्यूब दिली. चार दिवसांत चेहरा साफ, आम्ही दोघी खुश. दीड महिन्याने लावायचं थांबवलं आणि आठवड्याभरात आधीपेक्षा दुप्पट आले, बारीक लाल लाल, गाल लालबुंद, उन्हात गेली की नुसती आग. स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, हे कोणी दिलं? त्यात स्टिरॉइड होतं.

म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, घरात जी ट्यूब आहे ती आणा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे, पिंपल्सवर लावायचं नाही, गोरं व्हायला तर अजिबातच नाही. स्टिरॉइड सूज दाबतं म्हणून लगेच फरक दिसतो, पण कातडी पातळ होते आणि त्यानेच नवीन पिंपल्स येतात. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केलीय तरी मिळतात, तेव्हा लक्ष आपणच ठेवायचं. आणि बरेच महिने लावत असाल तर डॉक्टरांना दाखवूनच बंद करा, कारण सोडल्यावर चेहरा खूप भडकतो.

आता पिंपल्स येतात कशाने, तर वयात येताना हार्मोन्स वाढतात, त्याने कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशी त्यात चिकटून छिद्र बंद होतं आणि आत एरवीही राहणारे जिवाणू वाढून सूज येते. यात मळाचा काही संबंध नाही! ब्लॅकहेड काळा दिसतो तो पण मळ नाही, उघड्या छिद्रातल्या तेलाचा आणि रंगद्रव्याचा हवेशी संबंध येऊन काळा होतो, म्हणून घासून जात नाही. "तोंड नीट धूत नाहीस" असं मुलांना बोलूच नका, ती बिचारी दिवसातून सहा वेळा धुतात आणि कातडी अजून सोलवटते. सकाळी आणि रात्री साध्या सौम्य फेसवॉशने, बास. आपल्या मुंबईत लोकलमधून किंवा ग्राउंडवरून घामाने निथळत आल्यावर तिसऱ्यांदा धुतलं तर चालेल. स्क्रब नको, लिंबू नको, खायचा सोडा नको, टूथपेस्ट तर नकोच, या सगळ्याने भाजल्यासारखं होऊन डाग पडतात.

डॉक्टर साधारण लावायची दोन औषधं देतात, अडापॅलीन ०.१ टक्के आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. अडापॅलीन रात्री, तोंड धुवून टिपून घ्यायचं, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं आणि मटारच्या दाण्याएवढं घेऊन सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसरायचं. इथेच सगळे चुकतात, फक्त पिंपलवर ठिपके देतात, अहो ते नवीन येऊ नयेत म्हणून आहे! डोळ्यांचे, ओठांचे, नाकाचे कोपरे सोडायचे. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, वरून मॉइश्चरायझर, कोरडं पडलं तर आधी मॉइश्चरायझर मग औषध. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल, उशीचे अभ्रे, युनिफॉर्मची कॉलर यांचा रंग उडतो, आमचा एक चांगला निळा टॉवेल गेला, तेव्हा पांढराच वापरा. सकाळी जेलवालं सनस्क्रीन लावायचं. हे चालू असताना पार्लरमध्ये चेहऱ्याला वॅक्सिंग, ब्लीच, फेशियल काही नाही. अँटिबायोटिक जेल दिलं तर ते एकटं महिनोन्‌महिने लावू नका, जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

आणि वाट बघायची. पहिले तीन-चार आठवडे उलट जास्त आल्यासारखं वाटतं, तिथेच सगळे औषध सोडून दुसरी ट्यूब आणतात. आठ आठवड्यांनी फरक दिसायला लागतो, नीट कळायला बारा लागतात. आम्ही दर रविवारी खिडकीत त्याच उजेडात फोटो काढायचो, कारण रोज आरशात बघून काहीच कळत नाही आणि मुलगी रडकुंडीला यायची, फोटो शेजारी ठेवले की तिलाच पटायचं.

कपाळावर आणि केसांच्या कडेलाच येत असतील तर खोबरेल तेल बघा, चंपी करून रात्रभर ठेवलं की ते कपाळावर उतरतं. शाम्पूच्या तासभर आधी लावा. कपाळावर, पाठीवर सगळे एकसारखे बारीक आणि खाज येते असे असतील तर ते बऱ्याचदा बुरशीचे असतात, दमट हवेत जास्त, त्याचं औषध वेगळं. खाण्याचं म्हणाल तर एका वडापावाने काही होत नाही, रोजची कोल्ड्रिंक आणि गोड मात्र कमी करा, आणि मुलगा जिमला जाऊन व्हे प्रोटीन घेत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

दुखणाऱ्या मोठ्या गाठी, खड्डे पडायला लागणं, मुलीची पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस, किंवा पोरगं कॉलेजला जायलाच नको म्हणतंय, यातलं काहीही असेल तर थांबू नका. प्रायव्हेट परवडत नसेल तर मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे या सरकारी-पालिकेच्या हॉस्पिटलांत सगळीकडे स्किनची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या लिहून दिल्या तर घाबरू नका पण रक्त तपासत, डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्या, गरोदरपणात त्या बाळासाठी फार धोकादायक असतात हे मुलीला स्पष्ट सांगा.

फोडू नका हे शंभरदा सांगावं लागतं, कारण आपल्या सावळ्या कातडीवर पिंपल आठवड्यात जातो पण काळा डाग कित्येक महिने राहतो. आणि गणपतीत पाहुणे येऊन सगळ्यांसमोर "अगं चेहऱ्याचं काय झालं" म्हणतात ना, तेव्हा मुलीला उत्तर द्यायला लावू नका, तुम्हीच म्हणा, औषध चालू आहे तिचं, आणि विषय बदला.