छोट्या बोटीवर जादा पेट्रोल नेताय? या चुका टाळा

ओहोटीला कर्ली खाडीचं मुख कसं असतं, हे मालवणजवळच्या देवबाग-तारकर्लीकडच्या माणसाला सांगायला नको. वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटत असतात आणि आत शिरायला अरुंद वाट तेवढी उरते. त्या दिवशी मासळी घेऊन परतताना आमची टाकी नेमकी त्या लाटांच्या तोंडाशी संपली. चुलतभावाने २० लिटरचा कॅन उचलला आणि डुलत्या बोटीत, नरसाळं न लावता, टाकीत ओतायला घेतला. दोन लाटा आल्या, कॅनचं तोंड हललं आणि दीडेक लिटर पेट्रोल बोटीच्या तळात गेलं. तिथे आधीच थोडं पाणी साचलेलं होतं. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

पुतण्या तरुण, हुशार. तळातलं पाणी झटक्यात बाहेर जावं म्हणून त्याचा हात बॅटरीवरच्या पंपाच्या बटणाकडे गेला. काका नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर बसले होते, तिथूनच ओरडले, "बटणाक हात लावू नको! नांगर टाक आदी, मगे डब्यान उसप." आम्ही नांगर टाकला, प्लास्टिकच्या डब्याने तळ कोरडा केला, फडक्याने पुसून घेतला आणि वाऱ्यावर वीस मिनिटं गप्प बसून राहिलो. त्यानंतरच इंजिनाला हात लावला.

त्या बटणाची ठिणगी पुरेशी होती, हे मला नंतर नीट कळलं. पेट्रोल उणे ४० अंशांपर्यंतसुद्धा वाफ सोडतं, तेव्हा आपल्याकडच्या उन्हाचं विचारायलाच नको. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. जमिनीवर सांडलं तर वारा ती पसरवून नेतो. बोट मात्र वरून उघडी परात असते, वाफ तिच्या तळाशी, फळ्यांखाली, जाळ्याच्या ढिगाखाली बसून राहते. हवेच्या शंभर भागांत दीड भाग वाफ झाली की पेट घ्यायला तेवढं पुरतं. आणि बॅटरी, वायरींचे जोड, पंपाचं बटण हे सगळं आपण तळाजवळच बसवलेलं असतं.

समुद्रात ओतायची वेळ का येते?

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती किनाऱ्यावरच होते. एक टाकी इंजिनाला जोडलेली आणि बाकी पेट्रोल कॅनमध्ये, अशी तयारी केली की कधी ना कधी हलत्या बोटीत ओतावंच लागतं. त्यापेक्षा इंजिनाबरोबर येते तशी दुसरी टाकी घ्या, तिला तसाच जोड बसवा. पहिली संपत आली की पाइपाचा जोड काढून दुसरीला लावायचा, मिनिटाचं काम. एक थेंब उघड्यावर येत नाही. खर्च होतो, मान्य आहे. आम्ही तो त्या दिवसानंतर केला, आधी करायला हवा होता.

टाकी बदलायची ती पहिली कोरडी पडायच्या आधी, मोकळ्या शांत पाण्यात. खाडीच्या मुखाशी, खडकांच्या जवळ किंवा रापणीची (किनाऱ्यावरून ओढायची) जाळी लागलेली असतील तिथे मुळीच नाही. आत शिरण्यापूर्वी कुठली टाकी जोडली आहे आणि तिच्यात किती आहे, ते एकदा उचलून पाहा. आम्ही आता भरलेली टाकी मुखापाशी यायच्या बरंच आधी जोडतो.

तरीही ओतणं भागच पडलं तर इंजिन बंद करा आणि गार होऊ द्या. बॅटरीचं मुख्य बटण बंद करा. स्टोव्ह, विडी, मोबाइल सगळं बाजूला. टाकी बोटीच्या मधोमध ठेवा, माणसं वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवा, म्हणजे वाफ त्यांच्याकडे येणार नाही. एकाने टाकी धरायची, दुसऱ्याने ओतायचं. लांब तोंडाचं नरसाळं हवं आणि भोवती फडकं गुंडाळलेलं हवं. कॅन भरून जड असेल तर तो डोक्याच्या उंचीवर उचलून धरू नका, नळी वापरा.

पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या भावांना कळकळीची विनंती: प्रवासी बसलेले असताना पेट्रोल भरू नका. त्यांच्यातल्या कुणाच्या हातात सिगारेट आहे ते तुम्हाला दिसणार नाही. माणसं चढायच्या आधी टाक्या भरून, झाकणं लावून, तळ पुसून झालेला असावा.

तोंडाने ओढू नका

नळीचं एक टोक कॅनमध्ये, दुसरं तोंडात, आणि जोरात ओढायचं. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या हेच चाललंय. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा फुप्फुसात शिरलेलं फार वाईट. घोटभरसुद्धा श्वासाबरोबर आत गेलं तर फुप्फुसाला सूज येते. असं झालं तर त्या माणसाला उलटी करायला लावू नका, कारण उलटीबरोबर ते पुन्हा श्वासनलिकेत जाऊ शकतं. खोकला, धाप किंवा गुंगी जाणवत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखान्यात न्या. सुरुवातीला काहीच त्रास नसला तरी दाखवून घ्या, फुप्फुसाचा त्रास काही तासांनी वर येतो.

याला उपाय अगदी साधा आहे. टोकाला पितळी झडप असलेली नळी मिळते, ती कॅनमध्ये बुडवून वर-खाली हलवली की पेट्रोल आपसूक वाहू लागतं. ती नसेल तर इंजिनाच्या पाइपात असतो तसा रबरी फुगा नळीच्या मधे बसवा. फुग्यावरचा बाण ज्या दिशेला, त्या दिशेला पेट्रोल जातं. दोन-चारदा दाबला की धार लागते. ज्यातून काढायचं तो कॅन वर आणि ज्यात भरायचं ती टाकी खाली हवी, एवढं पाळा. थांबवायचं झालं की नळीचं कॅनमधलं टोक पेट्रोलच्या वर उचला. आतलं टाकीत उतरलं की काम संपलं.

कॅन कसला, किती भरलेला, कुठे ठेवलेला

खाद्यतेलाचे, फिनेलचे, पाण्याचे रिकामे कॅन पेट्रोलसाठी सर्रास वापरले जातात. उन्हात ते मऊ पडतात, झाकणाचे आटे धरत नाहीत आणि कडेने वाफ गळत राहते. कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत बाळगता येतं, आणि ते घट्ट बुचाच्या भांड्यात. भांडं धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर फक्त १ लिटर. इंजिनाच्या टाकीतल्या इंधनाची तरतूद निराळी आहे. मी बोलतोय ते घरात, पडवीत, जाळ्याच्या खोपटात भरून ठेवलेल्या कॅनांबद्दल. धातूच्या कॅनचा एकच त्रास, खाऱ्या हवेने बुडाची शिवण गंजते. दर महिन्याला तो उलटा करून बुड पाहा.

काठोकाठ भरणं ही दुसरी चूक. सकाळी गारव्यात भरलेलं २० लिटर पेट्रोल दुपारच्या उन्हात वीसेक अंशांनी तापलं की जवळजवळ ४०० मिलिलिटरने फुगतं. जागा नसेल तर ते झाकणातून वाट काढतं. वीसच्या कॅनमध्ये १९ भरा आणि वर ओलं गोणपाट टाका.

पेट्रोल पंपावर भरताना कॅन स्कूटरच्या पायाशी किंवा टेम्पोच्या प्लास्टिकवर ठेवू नका. धार पडताना स्थिर वीज तयार होते आणि तिला जमिनीत जायला वाट लागते. कॅन खाली जमिनीवर ठेवा, पंपाची नळी त्याच्या तोंडाला टेकवूनच ठेवा. फायबरच्या बोटीतली सुटी टाकीही जेटीवर उतरवून भरलेली बरी. फायबरमधून वीज जात नाही, आणि सांडलंच तर तळात जात नाही.

२० लिटर पेट्रोलचं वजन साधारण १५ किलो. ते सगळं मागे इंजिनापाशी रचलं तर बोट मागून बसते आणि नाळ वर उठते. दोन्ही बाजूंना सारखं वाटून, मधोमध, दोरीने आवळून बांधा. अर्धवट भरलेला मोठा ड्रम तर नकोच, आतलं पेट्रोल डुलतं आणि बोटीचं डुलणं वाढवतं.

किती न्यायचं?

तिसऱ्या हिश्श्याचा हिशोब धरा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक हात न लावता राखीव. १० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण ४ लिटर खातं, जुनं टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं ते) असेल तर त्याहूनही जास्त. आपल्याकडे सकाळी मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्यावर बोट सहज बाहेर जाते आणि दुपारी वायव्येचा वारा सुटला, परतीची वाट त्याच्या तोंडावर असली, की तेवढ्याच अंतराला जास्त पेट्रोल लागतं. जाताना किती लागलं त्यावर परतीचा अंदाज बांधणारे इथेच फसतात.

ऑइल मिसळलेलं आणि न मिसळलेलं

दोन कॅन एकाच रंगाचे असले की घोळ झालाच म्हणून समजा. टू-स्ट्रोकमध्ये नुसतं पेट्रोल गेलं तर पिस्टन धरतो आणि इंजिन जातं. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइलचं गेलं तर धूर होतो, प्लग काळे पडतात. ५० ला १ प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर ऑइल. तुमच्या इंजिनाचं प्रमाण त्याच्या पुस्तिकेत पाहा. मिसळायचं ते किनाऱ्यावर: आधी थोडं पेट्रोल, मग ऑइल, हलवून घ्यायचं, मग उरलेलं पेट्रोल. कॅनवर मोठ्या अक्षरात रंगाने लिहा, चिकटपट्टी खाऱ्या पाण्याने सुटते.

बंदीच्या काळात राहिलेलं पेट्रोल

पावसाळी मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, बोटी वर ओढलेल्या असतात. टाकीत राहिलेलं पेट्रोल नारळी पौर्णिमेनंतर तसंच वापरायचं, हा जुना शिरस्ता आता चालत नाही. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्या पावसाळी हवेत दोन महिने अर्धी टाकी ठेवली की पाणी वाढत जातं. एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतं, आणि इंजिन नेमकं तळातूनच ओढतं. बहुतेक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या) इंजिनांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते, म्हणून जुन्या रबरी नळ्यांवर जास्तच लक्ष ठेवा. नळी चिकट किंवा भेगाळलेली वाटली की बदला.

बोट वर घेताना टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलही काढा. हंगाम सुरू करताना टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन दहा मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला किंवा गढूळ वाटलं तर ते पेट्रोल इंजिनात घालू नका. ढवळून किंवा ताजं ओतून ते सुधारत नाही.

टाकी बदलली आणि इंजिन बंद पडलं

नव्या टाकीवर पाच-दहा मिनिटं चाललं आणि मग गुदमरल्यासारखं होऊन थांबलं, तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहा. नेताना गळू नये म्हणून तो बंद केलेला असतो आणि उघडायचा राहून जातो. पेट्रोल कमी होतं तशी आत हवा जात नाही, टाकीच्या बाजू आत ओढल्या जातात. स्क्रू सैल केल्यावर फुस्स आवाज आला तर दोष सापडला.

मग रबरी फुगा हातात घ्या, तो खरं सांगतो. चपटा होऊन तसाच राहिला, तर टाकीच्या बाजूला अडथळा आहे: हवेचा स्क्रू, तळातली जाळी किंवा दुमडलेली नळी. कितीही दाबला तरी मऊच राहिला, तर कुठून तरी हवा शिरतेय. जोडातली छोटी रबरी रिंग बहुतेक वेळा दोषी असते, दोन जादा रिंगा डब्यात ठेवाव्यात. फुगा बाण वर करून उभा धरा, लवकर भरतो. कडक झाला आणि तरी इंजिन लागत नाही, तर पेट्रोल पोचतंय. मनगटाची सुरक्षा-दोरी (जी सुटली की इंजिन बंद होतं) सुटलेली नाही ना ते पाहा, मग प्लग आणि कार्ब्युरेटरमधलं पाणी.

सांडलं किंवा पेटलं तर

सांडलेलं फडक्याने टिपा आणि फडकं झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवून किनाऱ्यावर आणा. साबण ओतून समुद्रात लोटू नका, तवंग नजरेआड होतो पण पेट्रोल खाली जातं. त्याच खाडीतून आपल्या बायका तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) आणि कालवं काढतात.

पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नका, जळतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. सुक्या पावडरचा २ किलोचा सिलिंडर टाक्यांपासून दूर, नाळेकडे बांधून ठेवा, म्हणजे आगीतून हात घालावा लागणार नाही. आग आटोक्यात येत नसेल तर लाइफ जॅकेट घालून वाऱ्याच्या वरच्या अंगाने पाण्यात उतरा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. तो बोटीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या, आणि मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात.