दोघांपुरतं नाटक: इतिहासातली एक संध्याकाळ घरी कशी रंगवावी

लग्नाला काही वर्षं झाली की शनिवारची संध्याकाळ ठरून गेलेली असते. नाशिकच्या गंगापूर रोडला जेवण, येताना आइस्क्रीम आणि घरी आल्यावर दोघं आपापल्या मोबाईलवर. यात बदल हवा असेल तर घरातल्या घरात एक ऐतिहासिक रोलप्ले करून पाहा. दोघांनी जुन्या काळातली माणसं व्हायचं, पहिल्यांदाच भेटल्यासारखं भेटायचं आणि पुढचं सुचेल तसं घडू द्यायचं.

बहुतेक जण सुरुवात कपड्यांपासून करतात आणि तिथेच घोळ होतो. पगडी चढते, नथ लागते, दोघं आरशात बघून खूश होतात आणि पाचव्या मिनिटाला 'आता काय?' म्हणून सोफ्यावर बसतात. म्हणून कपडे मागाहून. आधी प्रसंग ठरवा.

आधी बोलून घ्या

हे बोलणं त्याच दिवशी नको, तीन-चार दिवस आधी, चहा पिताना करा. काय आवडेल, काय अजिबात नको, कुठपर्यंत जायचं, हे दोघांनी मोकळेपणानं सांगायचं. एकाला हौस आहे आणि दुसरा 'बरं, तू म्हणतेस तर' या भावनेनं तयार झालाय, असं असेल तर थांबा, पुढच्या महिन्यात बघू. इतिहासात शिरताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्या काळातल्या कितीतरी बायकांना कुणी काही विचारलंच नव्हतं. राजा-दासी, लुटीत पकडून आणलेली बाई असले प्रसंग म्हणूनच मी तरी सुचवणार नाही. बरोबरीची दोन पात्रं घेतली की खेळ जास्त रंगतो, कारण दोघांनाही नाही म्हणता येतं आणि त्यामुळे हो म्हणण्याला वजन येतं.

थांबण्याचा एक शब्द ठरवा. तो त्या काळाबाहेरचा हवा, म्हणजे चुकून तोंडी येणार नाही. नाशिककरांसाठी 'द्वारका' उत्तम, म्हणजे आपला वाहतूक कोंडीचा चौक. तिथे सगळं थांबतंच. कुणीही 'द्वारका' म्हटलं की नाटक बंद, कारण विचारायचं नाही. फोटोंचंही आधीच ठरवा. माझ्या मते फोटो काढूच नयेत, निदान पात्र म्हणून वावरताना तरी.

काळ निवडा

नाशिककराला यासाठी लांब जावं लागत नाही. तीन काळ हाताशी आहेत.

पेशवाई सगळ्यांना आधी सुचते. सुंदरनारायणाचं देऊळ १७५६ चं, काळाराम त्यानंतरचा, सरकारवाडा अजून उभा आहे. राघोबादादा आणि आनंदीबाई आनंदवल्लीला राहत, गोपिकाबाई उतारवयात गंगापूरला. मोह होतो, पण या खऱ्या माणसांना आपल्या शेजघरात आणू नका. एक तर त्यांच्या आयुष्यात नारायणराव पेशव्यांचा १७७३ चा खून आहे, घरचं भांडण आहे, त्यात प्रणय कुठून येणार? दुसरं म्हणजे मोठ्या माणसाचं सोंग घेतलं की आपण भाषण ठोकायला लागतो. फडावरचा, म्हणजे पेशव्यांच्या दफ्तरातला कारकून, शिलेदाराची बायको, तांबट, वैद्य, अशी बिननावाची माणसं घ्या.

दुसरा काळ सातवाहन आणि क्षत्रप, म्हणजे शक राजांचा, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. पांडवलेण्यांतल्या दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आणि मुलगी दक्षमित्रा या दोघांच्याही दानाचे लेख आहेत. नवरा-बायकोची नावं एकाच लेण्यात इतकी शतकं टिकलेली, यापेक्षा चांगलं निमित्त कोणतं! याच काळाच्या आसपास हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत गोदाकाठच्या साध्या माणसांचं प्रेम महाराष्ट्री प्राकृतात आलं आहे. लेखकापासून शेतकऱ्याच्या सुनेपर्यंत कुणीही व्हा.

तिसरा काळ मूकपटांचा आणि लाजाळू जोडप्यांसाठी मी हाच सुचवेन. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये आपला पहिला चित्रपट मुंबईत दाखवला आणि त्याच वर्षी मुक्काम नाशिकला हलवला. त्यांच्या इथल्या कंपनीत कोणी छायाचित्रण शिकणारा, कोणी नव्यानं कामाला आलेली नटी, अशी पात्रं सहज सुचतात. नियम एकच, अर्धा तास तोंड उघडायचं नाही. काळ्या कार्डशीटचे तुकडे कापा, पांढऱ्या पेननं एकेक वाक्य लिहा आणि गरज पडेल तेव्हा दाखवा. दहा कार्डांच्या वर नकोत. उरलेलं डोळ्यांनी करायचं. संवाद सुचत नाहीत म्हणून अडणारी माणसं इथे एकदम मोकळी होतात, आणि खर्च स्टेशनरीपुरता.

आधीच्या रविवारी पांडवलेण्यांना एक चक्कर मारा. डोंगराच्या पायथ्याशीच फाळके स्मारक आहे, म्हणजे दोन काळ एका फेरीत होतात. मात्र साध्या कपड्यांत जा. लेणी संरक्षित आहेत, लोकांच्या श्रद्धेची आहेत. तिथे वेशभूषा करून शूट वगैरे नको.

प्रसंग: कुणाला कुणाकडून काय हवंय?

एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर असलं की संध्याकाळ चालते. उदाहरणार्थ, मोहिमेवरून आठ महिन्यांनी परतलेला शिलेदार. तिनं पाठवलेल्या पत्रांना त्यानं उत्तर दिलेलं नाही. ती दार उघडते, पण उंबऱ्यातच अडवते. त्याला आत यायचंय, तिला कारण ऐकायचंय. बास, इतकंच. किंवा भडोचहून (आजच्या गुजरातमधल्या भरूचहून) आलेला व्यापारी आणि त्याच्याकडचे मणी पारखणारी नाशिकची श्रेष्ठीकन्या, दोघांनाही सौदा लांबवायचाय. शेवट ठरवू नका. संवाद पाठ करू नका, त्यानं शाळेच्या गॅदरिंगची कळा येते.

आमंत्रण मात्र लिहून द्या. जाड हातकागदावर, वर 'श्री' घालून, जुन्या वळणाची दोन-चार वाक्यं आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे, हे विनंती'. कापडी थैलीत घालून सकाळी डब्याच्या पिशवीत ठेवा. दुपारभर समोरचा माणूस कामावर त्याच विचारात राहतो.

घरात एरवी अरे-तुरे असेल तर त्या संध्याकाळी 'आपण' म्हणा. अहो-जाहो असेल तर उलट करा. इतक्यानंही माणूस निराळा वाटू लागतो.

कपडे

भाड्यानं घ्यायचे तर नाटकाची ड्रेपरी देणाऱ्यांकडे जा. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं असतात, तेव्हा चांगले अंगरखे आधीच गेलेले असतात. भाड्याची पगडी डोक्याला घट्ट असली तर घेऊच नका, कपाळ दुखायला लागल्यावर प्रेम सुचत नाही. तिच्यासाठी शिवलेली नऊवारी बरी. खरी नेसायची हौस असेल तर सराव करा आणि उलगडायलाही वेळ लागतो हे धरून चाला. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ. घरात येवल्याची पैठणी असेल तर ती काढायला हरकत नाही, पण तेलाच्या दिव्यांपासून लांब.

सातवाहन काळ सगळ्यात स्वस्त. लेण्यांतल्या शिल्पांत दिसतात तशी न शिवलेली वस्त्रं, म्हणजे प्रत्येकी एक नेसायला आणि एक खांद्यावरून घ्यायला. मऊ सुती धोतर, उपरणं, कानात भरीव कर्णभूषणं. शिंप्याची गरजच नाही.

खोली

मुलं मावशीकडे, सासू-सासरे घरात असतील तर गंगापूर धरणाच्या बाजूला एका रात्रीची खोली. घरीच असाल तर ट्यूबलाइट बंद, टीव्हीवर चादर, मोबाईल दुसऱ्या खोलीत. राउटरचा हिरवा दिवासुद्धा झाका. उजेडासाठी काचेचा कंदील किंवा लामणदिवा; जमिनीवर पणत्या मांडू नका, शेला कधी त्यात जाईल सांगता येत नाही. जमिनीवर गादी, लोड, पांढरी चादर. मोगरा फुलवाल्यांकडून संध्याकाळी घ्या. तांब्याचा तांब्या-भांडं नसेल तर भांडी बाजार आहेच.

खाणं-पिणं

नाशिकचं म्हणून वाइन काढायची इच्छा होणारच. पेशवाईच्या ब्राह्मणी वाड्यात ती शोभत नाही, पण क्षत्रपांच्या काळात चपखल बसते. त्या काळच्या ग्रीक व्यापारी वर्णनात भडोच बंदरात इटलीची वाइन उतरत असल्याची नोंद आहे. एखादा पेला पुरे. जास्त झाली तर 'हो' आणि 'नाही' दोन्हीवर भरवसा राहत नाही.

सातवाहन जेवणात मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू चालणार नाहीत, हे सगळं अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या मागोमाग आलं. तिखटाला मिरी आणि आलं वापरा. दहीभात, तीळगूळ, मध, मूग, फळं. पेशवाईत मिरची चालेल, चहा नाही. पुरणपोळीचा घाट घालू नका. स्वयंपाक करणारा दमतो आणि तूप ओतून खाणारा झोपतो. श्रीखंडाची वाटी, थोडा साखरभात, मठ्ठा.

खरी मजा विड्यात आहे आणि तो एकमेकांसमोर बसून करायचा. पान धुऊन पुसा, देठ खुडा, मागच्या जाड शिरा नखानं हलकेच काढा. चुना बोटाच्या टोकावर येईल इतकाच, पानभर पातळ फिरवायचा. जास्त लागला तर जीभ भाजते आणि पुढचा कार्यक्रम बर्फ शोधण्याचा होतो. त्यावर कात, कातरलेली सुपारी, वेलदोडा, बडीशेप, किसलेलं खोबरं, गुलकंद, असलीच तर केशराची काडी. पानाचा द्रोण वळवून कडा आत दुमडायच्या आणि लवंग टोचायची. वळताना पान सुटतं, म्हणून दुसऱ्यानं बोट ठेवायचं. भरवताना घाई करू नये.

आणि मग

सुरुवात दारापासून करा. एकानं खरंच बाहेर जाऊन कडी वाजवायची, म्हणजे नाटक कधी सुरू झालं यावर वाद नाही. शेजारी जिन्यात भेटले तर 'सोसायटीच्या कार्यक्रमाची तालीम' हे उत्तर तयार ठेवा.

मधेच गप्पा आटल्या तर सारीपाट मांडा. कापडी पट नसला तर खडूनं फरशीवर आखा, कवड्या टाका. एकेकानं चारच सोंगट्या घ्यायच्या, नाहीतर पहाट होते. सोंगटी मेली की उखाणा नाहीतर एका प्रश्नाचं खरं उत्तर. प्रश्न पात्राला विचारलेला असतो, उत्तर बरेचदा माणूस देतो.

हसू आलं तर हसा. मिशी गळून पडणारच, त्यानं काही बिघडत नाही. सगळं आटोपल्यावर मात्र लगेच झोपू नका. नथ, पगडी काढून, आपापल्या नावानं हाक मारून पंधरा-वीस मिनिटं बोला. काय आवडलं, कुठे अवघडल्यासारखं झालं, पुढच्या वेळी कोण कोण व्हायचं. एखादी गोष्ट टोचली असेल तर ती तेव्हाच निघते.

ड्रेपरी दुसऱ्या दिवशी परत करायची असते. जरीवर अत्तर थेट लावू नका, डाग पडतो आणि अनामत कापली जाते. लावायचंच तर मनगटाला लावा.