वाड्याचा ऊर्जा-हिशेब कसा मांडावा

विकसनशील देशांत प्रदूषण वाढते ते माणसे वाढतात म्हणून, हे विधान आपल्या ग्रामसभांतही अधूनमधून ऐकू येते आणि त्यावर बहुतेक माना डोलतात. ते कितपत खरे आहे हे पाहायला मोठी यंत्रणा लागत नाही. एका वाड्याचा, म्हणजे गोव्यातील गावाच्या एका वस्तीचा, एका वर्षाचा हिशेब नीट मांडला तरी पुरते.

हिशेबाचा पाया एक गुणाकार आहे: माणसे, दरमाणशी वापरली जाणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेच्या प्रत्येक एककामागे निघणारे प्रदूषण. जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र याच धर्तीचे असून त्यात उत्पन्नाचा घटकही आहे, परंतु वाड्यापुरते तीन घटक पुरे होतात. देशाच्या आकड्यांवर हा गुणाकार आधी करून पाहावा. १९६१ साली भारताची लोकसंख्या सुमारे ४३.९ कोटी होती, २०११ साली ती १२१ कोटी झाली, म्हणजे पावणेतीन पट. त्याच काळात वर्षाचा दरडोई वीजवापर सुमारे ४६ युनिटांवरून ८०० च्या वर गेला, म्हणजे सतरा-अठरा पट. माणसांची वाढ खरी आहे, पण विजेच्या वाढीतला मोठा वाटा दरडोई वापराचा आहे, आणि तो वाढणे हा काही गुन्हा नव्हे, कारण ४६ युनिटांत घरात धड दिवाही जळत नाही.

आता वाड्याकडे वळू. सर्वांत अवघड काम माणसे मोजण्याचे आहे, आणि गोव्यात तर विशेषच. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात येथील एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात होणाऱ्या मुलांची सरासरी, १.३ इतका खाली आलेला आढळला. म्हणजे जन्मांमुळे गर्दी होते असे येथे म्हणता येत नाही. उलट अनेक घरे कुलूपबंद असतात, कोणी मुंबईला, कोणी आखातात, तर काही घरांचे मालक वर्षातून पंधरा दिवस येणारे. त्यामुळे मतदारयादी किंवा घरपट्टीची नोंदवही घेऊन डोकी मोजली तर पहिल्याच पानावर चूक होते. घरोघरी जाऊन ‘गेल्या वर्षी या घरात किती माणसे किती महिने राहिली’ असे विचारावे आणि उत्तर माणूस-महिन्यांत, म्हणजे माणसे गुणिले महिने असे, लिहावे. पर्यटकांसाठी माणूस-रात्री मोजाव्यात: एका खोलीत दोन पाहुणे वर्षातून १८० रात्री राहिले, तर ३६० माणूस-रात्री होतात, म्हणजे जवळजवळ एक कायमचा रहिवासी. मजूर आणि भाडेकरू यांची नोंद विसरू नये. ते यादीत नसतात, पण चूल पेटवतात आणि पंखाही लावतात.

ऊर्जेसाठी बारा महिन्यांची वीजबिले गोळा करावीत, कारण मे महिन्याचे एकच बिल घेऊन त्याला बाराने गुणले तर पावसाळ्यातील कमी वापर हिशेबात येतच नाही. छपरावर सौरपट असलेल्या घराचे बिल केवळ निव्वळ वापर दाखवते, म्हणून तेथील निर्मितीच्या मीटरची नोंद स्वतंत्र घ्यावी. गॅसचे सिलिंडर, स्कूटर-मोटारीचे पेट्रोल आणि हॉटेलांच्या जनित्राचे डिझेल वेगवेगळे लिहावे. हॉटेलांचा वापर रहिवाशांच्या संख्येने भागू नये. हीच चूक आम्ही पहिल्या वेळी केली आणि आमचा साधा वाडा कागदावर एखाद्या श्रीमंत देशासारखा दिसू लागला.

कार्बन डायऑक्साइडसाठी ढोबळ गुणक पुरेत: ग्रिडच्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो, १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो, पेट्रोलच्या लिटरमागे २.३ आणि डिझेलच्या लिटरमागे २.७ किलो. चार माणसांच्या घरात वर्षाला ३,००० युनिटे, नऊ सिलिंडर आणि ३६० लिटर पेट्रोल लागत असेल, तर अनुक्रमे २,१००, ३७८ आणि ८२८ किलो, एकूण ३,३०६ किलो होतात, म्हणजे माणशी सुमारे ८२५. ही संख्या देशाच्या सुमारे दोन टन दरडोई सरासरीशी थेट ताडून पाहू नये, कारण त्या सरासरीत सिमेंट, पोलाद आणि कारखानेही येतात.

येथे आणखी एक रकाना आवश्यक आहे: धूर कोठे निघतो. गोव्याला लागणाऱ्या विजेचा मोठा भाग छत्तीसगडमधील कोरबा आणि मध्य प्रदेशातील विंध्याचल यांसारख्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून येतो. बटण आपण दाबतो आणि राख तेथील लोकांच्या अंगणात पडते. जनित्राचा धूर आणि उघड्यावर जाळलेला कचरा मात्र वाड्यातच राहतो. ही दोन प्रदूषणे एकत्र मिळवू नयेत. लाकडाच्या चुलीवरून गॅसवर आलेल्या घराच्या हिशेबात जीवाश्म इंधनाचा कार्बन वाढलेला दिसेल, परंतु स्वयंपाकघरातील सूक्ष्म कण फार कमी झालेले असतील, आणि त्या घरातील बाईच्या फुप्फुसांना या दोहोंपैकी दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे.

पाच वर्षांनी हाच हिशेब पुन्हा मांडला की वाढ वाटून दाखवता येते. माणसे २० टक्के आणि दरमाणशी वापर ५० टक्के वाढला असेल, तर एकूण वाढ ७० नव्हे, ८० टक्के होते, कारण १.२ गुणिले १.५ म्हणजे १.८. ग्रामसभेत कागद ठेवताना एकूण बेरजेचा आकडा पहिल्या ओळीत लिहू नये. आधी रहिवासी, भाडेकरू आणि पाहुणे यांचे माणूस-महिने, मग प्रत्येक गटाची दरमाणशी ऊर्जा, आणि बेरीज अगदी शेवटी.