एबीएसची एअर काढायला बसण्याआधी

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा; तिच्या ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा काढायचं हे काम. जॅक, स्टँड, चाकामागे लावायला विटा हे सांगायला नको. जागा सपाट आणि डोक्यावर छप्पर असलेली बघा, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात तो कमी नसतो. डॉट ४ या प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो; ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. म्हणून उघडून ठेवलेली जुनी बाटली नकोच. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात जाल तेव्हा सीलबंद घ्या, तीही एक नाही, दोन. डॉट ५ अजिबात नको, ते सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मध्ये मिसळत नाही.

दोन कशाला? तर ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ नये म्हणून. मागच्या वेळी मी चाकाशी निप्पलवर (हवा आणि ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) नजर लावून बसलो आणि बॉनेटखाली टाकीचा तळ उघडा पडला. साध्या ब्रेकला हे एक वेळ चालतं, परत भरा, परत पेडल मारा. एबीएसमध्ये हवा मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे पंप आणि व्हॉल्व्हच्या डब्यात, शिरते. तिथले काही व्हॉल्व्ह एरवी बंदच असतात, त्यांच्यामागे अडकलेली हवा नुसतं पेडल मारून निघत नाही. बऱ्याच गाड्यांत स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. स्कॅनर आधीच ठरवा, आणि तो तुमच्या मॉडेलचं एबीएस ब्लीडिंग करतो का ते विचारा. नुसते इंजिनचे कोड वाचणारा काही कामाचा नाही. पंप करंट खातो, बॅटरी चार्ज हवी.

टाकीवर वेगळा माणूस उभा करा. पेडल मारणारा वेगळा, टाकी बघणारा वेगळा. दर चार-पाच पेडलांनी टाकी बघा. मिनिममच्या खूप आधी ओता.

खाऱ्या हवेने निप्पल गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रिंग पानाच वापरा. निप्पल तुटला तर कॅलिपरपर्यंत (ब्रेक पॅड दाबणारा भाग) खर्च जातो. निप्पलला लावलेल्या पारदर्शक नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं हवं. पेडल खाली धरलेलं असतानाच निप्पल बंद करायचा, मग पाय उचलायचा. लांबचं चाक आधी हा नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही, मॅन्युअल बघा. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाणी.

मग चारही चाकं, स्कॅनर, परत चारही चाकं. मध्ये मध्ये टाकी बघा. शेवटी इंजिन चालू करून पेडल दाबून धरा. पेडल हळूहळू खाली बसत जात असेल किंवा एबीएसचा दिवा विझत नसेल तर गाडी गेटबाहेर काढू नका.