ग्लुटामेट रिसेप्टर डोक्यात कसा बसवायचा

इथे ग्लुटामेट रिसेप्टर म्हणजे मेंदूतलं संदेश नेणारं रसायन, ग्लुटामेट, पकडलं की उघडणारं पेशीच्या पडद्यातलं (मेम्ब्रेनमधलं) प्रोटीन. आधी कागद घ्या नि चित्र काढा, नुसतं वाचून हे डोक्यात शिरत नाही. सबयुनिट (जोडून रिसेप्टर बनवणारे प्रोटीनचे भाग) चार, प्रत्येकाचे मजले तीन, वर एन-टर्मिनल डोमेन (प्रोटीनच्या साखळीचं सुरुवातीचं टोक), मधे ग्लुटामेट पकडणारा शिंपला आणि खाली मेम्ब्रेनमधलं चॅनल, म्हणजे आयन जायचं भोक. आता शिंपल्यापाशी जरा थांबा, सगळी गंमत तिथेच आहे, ग्लुटामेट आत बसला की शिंपला मिटतो आणि मिटताना एम३ हेलिक्सला (मेम्ब्रेनमधल्या तिसऱ्या, पिळदार तुकड्याला) जोडलेला लिंकर, म्हणजे जोडदोरी, ओढला जातो, मग गेट उघडतं. म्हणजे वर मिटलं की खाली उघडतं, मी कायम उलटं लिहायचो! एम२, म्हणजे दुसरा तुकडा, मेम्ब्रेनच्या आरपार जात नाही, अर्ध्यातून वळतो, तसाच काढा. एनएमडीए (याच रिसेप्टरचा एक प्रकार) असेल तर उघडायला ग्लुटामेटसोबत ग्लायसिनही लागतं, शिवाय भोकात मॅग्नेशियमचं बूच, ते पेशी डिपोलराइज झाल्याशिवाय, म्हणजे तिच्या आतला ऋण विद्युतभार कमी झाल्याशिवाय, निघत नाही.